बाटलीवर धावणाऱ्याचं चित्र असलं म्हणून...

रविवारी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पोरांची मॅच बघत बसलो होतो. ड्रिंक्स ब्रेक झाला आणि बारा-तेरा वर्षांच्या एका पोराने बॅगेतून एनर्जी ड्रिंकचा कॅन काढला. शेजारी बाप कौतुकाने बघतोय! अहो, मुलांसाठी नाही असं त्याच कॅनवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. 250 मिलीत कपभर कॉफीइतकं कॅफीन आणि सहा-सात चमचे साखर. याने तहान भागते होय?

मी काही शहाणा नाही, स्वतः आपटलोय. मागे एकदा भर एप्रिलमध्ये सायकलवर सापुताऱ्याला निघालो. सोबत नुसतं पाणी. वणीपर्यंत दोन बाटल्या रिकाम्या, भरल्या, परत रिकाम्या. बोरगावच्या पुढे डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून अजून ढोसलं. झालं उलटंच, ओकारी! डॉक्टर मित्राने नंतर झापलं: तासन् तास घाम गाळून वर नुसतं पाणी ढोसत राहिलास तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं.

आतड्यात मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात, मागोमाग पाणी. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोडीवर कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांचे प्राण वाचवले. पण साखर फार झाली की पाणी पोटातच रेंगाळतं. म्हणून उसाचा रस राइड संपल्यावर. रसवंतीचे घुंगरू ऐकून मीही थांबतो, पण परतीच्या वाटेवर.

तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं, उगाच खर्च नको. त्याहून लांबलं, ऊन असलं, तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, तेव्हा चिमूटभर मीठ टाका (शहाळेवाला विचित्र बघेल, बघू दे). खेळून झाल्यावर मिठाचं ताक, याला तोड नाही. आणि किती प्यायचं ते वजनकाट्याला विचारा. त्र्यंबकला जाऊन आलो की माझं वजन कधीकधी किलोभर उतरलेलं असतं, म्हणजे जवळजवळ लिटरभर पाण्याची उधारी.

त्या पोराला माझी बाटली दिली. घोटभर पिऊन म्हणाला, "काका, खारट आहे."

लिंबू कमी पडलं होतं, ते खरंच.