सासूला मारलीत कशाला?

दिवाळी अंकासाठीची कथा होती. तीन हजार शब्द, बारा पानं, मुदत टळून चार दिवस झालेले. संपादकांना कागदावरच हवी, म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह दिला. त्याचा प्रिंटर शेवटचं पान आधी काढतो. आणि ट्रेपाशी आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेल्या एक काकू उभ्या होत्या.

"तुमचं का हे?"

"हो. जरा खाजगी आहे."

"छापायला देणार ना? मग खाजगी कसलं?" कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "सासूला मारलीत होय! कशानं?"

"हार्ट अटॅक."

"आधी बीपी? शुगर?"

"नाही."

"मग अशी कशी गेली?" तेवढ्यात अकरावं पान पडलं, तेही त्यांनी उचललं. "तुम्हाला पुढचं सुचेना, म्हणून गेली. आणि सून कपाटाचं कुलूप का तोडतेय?" आता दहावं. "किल्ली तर सासूच्या कमरेला दिसतेय इथे! गेल्यावर काढून घ्यायची की. कुलुपं काय फुकट मिळतात?"

मागचा एक मुलगा फॉर्म सांभाळत हसला. झेरॉक्सवाला हसला नाही; त्यानं फक्त मान डोलावली, आणि ते जास्त लागलं.

राग याचा, की हे सगळं मला ठाऊक आहे. मरण, अपघात, 'आणि तिला जाग आली' हे तीन शेवट थकलेल्या लेखकाचे. शेवट पात्राच्या निर्णयातून यावा, बाहेरून ट्रक आणून नव्हे. धक्का द्यायचाच, तर त्याची खूण पहिल्या तीन-चार पानांत दोनदा पेरायची, तीही पाच वस्तूंच्या यादीत मधोमध, म्हणजे दिसते पण खुपत नाही. शेवट निदान तीन लिहायचे: पहिला सगळ्यांनाच सुचतो, दुसरा पहिल्याला उलटा केलेला असतो, तिसऱ्याला घाम येतो. शिवाय शेवटचा परिच्छेद झाकून बघायचा. बऱ्याचदा कथा त्याच्या आधीच संपलेली असते आणि आपण उगाच दारात उभं राहून निरोप घेत बसतो.

कथा सुचते कुठून, हेही लोक विचारतात. जणू मंडईत अमुक गाळ्यावर मिळते. ही कोथरूड डेपोच्या बसमध्ये मिळाली. पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "किल्ली मात्र तिनं शेवटपर्यंत दिली नाही हो," आणि नळ स्टॉपला उतरली. मागोमाग उतरलो असतो तर सगळी हकीकत कळली असती आणि कथा तिथेच मेली असती. अर्धं वाक्यच कामाचं. ते वहीत टिपायचं, पंधरा दिवस बघायचंही नाही. त्यानंतरही टोचत असेल, तर विचारायचं: कुणाला काय हवंय, आड कोण येतंय, मिळालं तर काय गमवावं लागेल? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर तो नुसता किस्सा. लग्नाच्या पंगतीत सांगून टाकावा. माझ्याकडे उत्तर होतं. नव्हता तो वेळ. आणि मानधन म्हणून जे येतं, त्यात बारा पानांच्या प्रिंटा आणि रिक्षा भागली तरी दिवाळी.

डिकन्सनं 1861 साली एका कादंबरीचा शेवट प्रुफं वाचलेल्या मित्राच्या सांगण्यावरून बदलला होता, हे मी स्वतःला बजावलं. पण तो मित्र बुल्वर-लिटन होता, स्वतः कादंबरीकार. आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेला नव्हता.

रात्री सासूला जिवंत केलं. ती आपणहून किल्ली सुनेपुढे ठेवते. सून ती उचलते, कपाटाकडे बघते आणि कुकर लावायला जाते. पुढे एक परिच्छेद होता, तो झाकला. मग खोडलाच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा पानं, पुन्हा साठ रुपये. झेरॉक्सवाला नोटा मोजता मोजता म्हणाला, "त्या काकू विचारत होत्या. वाचली का सासू?"

"अंक विकत घ्या म्हणावं."