खुलासा : फ्रेंचमध्ये 'हात धुतो' कसं लिहायचं

लातूर-नांदेडकडच्या फ्रेंच शिकणाऱ्या लेकरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'अवयवापुढे माझा-तुझा लावाच, "ज लाव मे मँ" असं लिहा. कर्ता स्त्री असेल तर भूतकाळात "लावे"ला जादा ई (e हे अक्षर) जोडा.' दोन्ही नियम चुकीचे आहेत.

रोजचं फ्रेंच वाक्य 'ज म लाव ले मँ' असंच आहे. हात कुणाचे, हे 'म' सांगतो, म्हणून हातापुढे नुसतं 'ले' येतं. दात घासणं, केस विंचरणं, पाय मोडणं, सगळीकडे हीच रचना. आपणही 'हात धुऊन घे' म्हणतो, 'तुझे हात' म्हणत नाही. 'माझे हात घाण झालेत' अशा वाक्यात मात्र 'मे मँ' बरोबर.

जादा ई 'एल से लावे' (तिने अंग धुतलं) एवढंच वाक्य असेल तर लागतो. पुढे 'ले मँ' आलं की लागत नाही, कारण कर्म क्रियापदाच्या नंतर येतं. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात 'पासे काँपोझे'च्या (फ्रेंचमधल्या नेहमीच्या भूतकाळाच्या) धड्यात हे सापडेल. उच्चार सारखाच, त्यामुळे ही चूक ऐकू येत नाही, थेट लेखी पेपरात मार्क जातात.

परीक्षेच्या तोंडावर पोरं हेच पाठ करतायत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.