इंडिया गेटवर कोरलेली नावे कोणाची आहेत?

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन जवळ आला की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली आहेत, असे त्यात प्रथम सांगितलेले असते आणि लगेच त्या नावांची धर्म-जातवार वाटणी येते : मुस्लिम ६१,३९५, शीख ८,०५०, मागासवर्गीय १४,४८०, दलित १०,७७७ आणि सवर्ण ५९८. काही नमुन्यांत मुस्लिमांचा आकडा ६१,९४५ असा असतो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या परिचयाची, मनापासून सलोखा हवा असलेली माणसे आहेत आणि भाषणांतूनही तो अनेकदा वाचून दाखवला गेला आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मजकुरातील एकेक विधान मात्र तपासून पाहिले पाहिजे, कारण त्यातले एकही खरे नाही.

पहिले विधान असे की ही नावे स्वातंत्र्यसैनिकांची आहेत. याचे उत्तर खुद्द वास्तूवरच कोरलेले आहे. कमानीच्या माथ्यावर ‘इंडिया’ हा शब्द असून त्याच्या दोन बाजूंना रोमन अंकांत १९१४ आणि १९१९ ही वर्षे आहेत. त्याखालच्या इंग्रजी लेखाचा आशय असा : फ्रान्स व फ्लँडर्स, मेसोपोटेमिया व इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली आणि पूर्वेकडील इतर रणभूमींवर पडलेल्या व तेथेच सन्मानित असलेल्या भारतीय सैन्यांतील मृतांसाठी; आणि भारतात, वायव्य सरहद्दीवर व तिसऱ्या अफगाण युद्धात जे पडले व ज्यांची नावे येथे नोंदली आहेत, त्यांच्याही पवित्र स्मृतीसाठी. म्हणजे हे पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातून लढलेल्या शिपायांचे स्मारक आहे आणि त्याचे मूळ नावही ‘अखिल भारतीय युद्धस्मारक’ असेच होते. ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी १० फेब्रुवारी १९२१ रोजी त्याची पायाभरणी केली, एडविन लटेन्स यांनी त्याचा आराखडा केला आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते १२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

या शेवटच्या तारखेपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. उद्घाटनानंतर सहा आठवड्यांच्या आत, २३ मार्चला, भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या राजगुरुनगरचे राजगुरू लाहोरमध्ये फासावर गेले. जे सरकार त्या हिवाळ्यात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना फाशी देत होते, त्याच सरकारने राजधानीच्या मुख्य रस्त्यावर त्यांची नावे सन्मानाने कोरून घेतली असतील, हे संभवतच नाही.

दुसरे विधान ९५,३०० या आकड्याचे आहे. हे स्मारक एकूण ७०,००० हून अधिक भारतीय सैनिकांच्या स्मृतीसाठी असले, तरी त्या सर्वांची नावे त्यावर नाहीत. परदेशात पडलेल्यांची नोंद त्या त्या देशांतील स्मारकांवर व्हावी अशी योजना होती. फ्रान्समधील नव-शापेल येथील भारतीय स्मारक हे त्याचेच उदाहरण. दिल्लीच्या कमानीवर कोरली गेली ती मुख्यतः भारतात व वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची, अशी १३,००० हून थोडी अधिक नावे, आणि त्यांत काही ब्रिटिश अधिकारीही आहेत. ही यादी गुप्त नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत यांतले एकेक नाव शोधता येते आणि त्यापुढे पलटण, हुद्दा व मृत्यूची तारीख दिलेली असते. या तारखा १९१४ ते १९२१ या काळातल्या आहेत. १८५७, १९३० किंवा १९४२ यांपैकी एकाही लढ्यातला मृत्यू त्यांत असूच शकत नाही. फिरणाऱ्या मजकुरातील आकड्यांचीही बेरीज करून पाहावी. ६१,३९५ धरले तर एकूण ९५,३०० येतात. ६१,९४५ धरले तर बेरीज ५५० ने पुढे जाते. तरी दोन्ही नमुने त्याच एकूण आकड्यासह फिरत राहतात, कारण कोणी मोजत नाही. ४२ मीटर उंच कमानीवरची ती बारीक अक्षरे लांबून नीट वाचताही येत नाहीत, हेही या मजकुराच्या पथ्यावर पडले असावे.

धर्म-जातवार वाटणीचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. त्या काळी सैन्यात भरती करताना जात आणि धर्म पाहिले जात, कंपन्याही त्यानुसार बांधल्या जात. ही गोष्ट खरी आहे. स्मारकाच्या दगडावर मात्र ते काहीच आणलेले नाही. तेथे माणूस ओळखला जातो तो नावाने आणि पलटणीने. कमानीवर कोणत्याही धर्माचे चिन्ह नाही. आहेत ते कोरलेले सूर्य आणि माथ्यावरचा एक उथळ वाडगा, ज्यात स्मृतिदिनी ज्योत पेटवावी अशी मूळ कल्पना होती. अशा यादीतून जातीची मोजदाद करायची कशी? ‘राम सिंग’ हे नाव शिखाचे असेल, राजपुताचे असेल, जाटाचे असेल किंवा डोगऱ्याचेही असेल. ५९८ सवर्ण आणि १०,७७७ दलित इतकी नेमकी वाटणी नुसत्या नावांवरून करणे कोणालाही शक्य नाही, आणि तशी ती कोणी केलेलीही नाही.

स्वातंत्र्यलढ्यातील मुस्लिमांचा वाटा दाखवण्यासाठी हा मजकूर लागतो, असे काहींना वाटते. तो वाटा खराच आहे आणि त्याला असल्या आधाराची गरज नाही. सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांत कुर्बान हुसेन उभे आहेत, अश्फाकउल्ला खान १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादला फासावर गेले, आणि हिंदी सैन्यातही पंजाबी मुस्लिमांची संख्या फार मोठी होती. खोटा आकडा उघडा पडला की या खऱ्या नावांवरही शंका घेतली जाते, आणि ते नुकसान मोठे आहे.

आणखी एक गैरसमज कमानीखाली २०२२ पर्यंत असलेल्या ‘अमर जवान ज्योती’ या प्रतीकाचा आहे. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर नळी खाली करून उभी केलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि भोवती ज्योत, हे शिल्प इंडिया गेटचाच मूळ भाग आहे असे समजून त्यावरून कमानीवरच्या नावांचा अर्थ लावला जातो. ते १९७१ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी उभारले गेले आणि २६ जानेवारी १९७२ रोजी त्याचे अनावरण झाले. म्हणजे कमानीनंतर चार दशकांनी. ‘शोक शस्त्र’ या हुकमावर सैनिक ज्या रीतीने शस्त्र उलटे धरतो, तीच रीत त्यात शिल्परूपाने आली. जानेवारी २०२२ मध्ये ती ज्योत जवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली आणि त्याच वर्षी रायफल व शिरस्त्राणही तेथे हलवले गेले. स्वतंत्र भारताच्या हुतात्मा जवानांची नावे आहेत ती २०१९ साली खुल्या झालेल्या त्या स्मारकाच्या ‘त्यागचक्रा’वर.

या मजकुराला उत्तर म्हणून अलीकडे दुसरा एक मजकूर फिरतो : ही नावे परक्यांसाठी लढलेल्या भाडोत्री शिपायांची आहेत, म्हणून त्यांचे स्मरण नकोच. हेही मला मान्य नाही. सातारा भागातील काही गावांत आजही एक छोटी दगडी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर असतो. पाटीवर दोन आकडे असतात, नाव एकाचेही नसते. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी ब्रिटिशांची जी सेना तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेत पडलेल्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांची नावे बसऱ्याच्या स्मारकावरही कोरली गेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावे देऊन पुढे ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असे लिहिले गेले. एप्रिल २०२१ मध्ये युद्धसमाधी आयोगाने आपल्या अहवालात ही विषमता मान्य करून माफी मागितली; ४५,००० ते ५४,००० मृतांना, त्यांत बहुसंख्य भारतीय आणि आफ्रिकी, इतरांच्या बरोबरीचे स्मरण मिळाले नाही, असे त्यात नमूद आहे. दिल्लीच्या कमानीवर निदान तेरा हजार माणसांना स्वतःचे नाव मिळाले, आणि फिरणाऱ्या मजकुराने त्या नावांचे पुन्हा आकडे केले आहेत.