खोली दक्षिणेची होती, हे आधीच सांगायला हवं होतं

नमस्कार ताई,

जानेवारीत आईबाबांना घेऊन तुम्ही आमच्या बीजिंगच्या सिहयुआनमध्ये, म्हणजे चौकाभोवतीच्या जुन्या घरात, तीन रात्री राहिलात. खोली गारठलेली होती, बाथरूमला वास येत होता, टॅक्सीवाल्याने बॅगांसकट गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं, रात्री अकराला पासपोर्टसाठी वीस मिनिटं ताटकळत बसावं लागलं आणि ‘शाकाहारी’ नाश्त्यात जवळा निघाला, असं तुम्ही लिहिलंत. यातल्या खोली, वास आणि नाश्ता या तिन्ही चुका आमच्या आहेत. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आधी खोलीचं. सिहयुआन फोटोत आपल्या चौसोपी वाड्यासारखं दिसतं. पण वाड्यात चारी बाजू सोप्यांनी जोडलेल्या असतात, इथे चौकाभोवती चार सुटी घरं असतात. उत्तरेचं घर मुख्य. त्याचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यातलं कलतं ऊन थेट आतपर्यंत येतं. दक्षिणेच्या घराचं तोंड उत्तरेला आणि पाठ गल्लीला. त्याला इथे ‘दाओत्स्वो’, म्हणजे उलटं बसलेलं घर म्हणतात. हिवाळाभर तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. पूर्वी या बाजूला नोकरांच्या खोल्या किंवा बाहेरच्या माणसांची बैठक असे. आम्ही मात्र दोन्ही खोल्यांना ‘चौकाकडची खोली’ म्हटलं, दर एकच ठेवला आणि फोटो उत्तरेच्या खोलीचा लावला. तुम्हाला दक्षिणेची मिळाली. आता प्रत्येक खोलीपुढे दिशा लिहिली आहे आणि नोव्हेंबर ते मार्च दक्षिणेच्या खोल्यांचा दर कमी केला आहे. म्हातारी माणसं सोबत असतील तर उत्तरेचीच खोली मागा, आमच्याकडे या किंवा कुठेही जा.

गारठ्याला दुसरंही कारण होतं. बीजिंगमधल्या मोठ्या इमारतींना १५ नोव्हेंबर ते १५ मार्च शहराच्या पाइपांतून उष्णता मिळते. हुथोंगमधल्या, म्हणजे आमच्यासारख्या जुन्या गल्ल्यांतल्या, बहुतेक बैठ्या घरांना ती नाही. इथे कोळशाच्या शेगड्या गेल्या आणि विजेचे साठवणीचे हीटर आले. आत जड विटा असतात. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा त्या तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. तुम्ही लिहिलंत, ‘झोपताना सुरक्षेसाठी हीटर बंद केला.’ कुणीही हेच करेल, पण नेमक्या त्याच वेळी विटा तापायच्या असतात. रात्री बंद केला की दुसरा अख्खा दिवस थंडीत जातो. बटणांवर फक्त चिनी अक्षरं होती आणि आमच्या माणसाने काही समजावलं नाही. आता हीटरवर मराठी आणि इंग्रजी चिठ्ठी आहे: रात्री चालू ठेवा, वर ओले कपडे वाळत घालू नका. जुन्या लाकडी दारांच्या फटींतून वारा येतो, तिथे कापडी पट्ट्या लावल्या आहेत. आम्हाला विचाराल तर त्या पट्ट्यांनी सगळ्यात जास्त फरक पडला.

वास तुंबलेल्या गटाराचा नव्हता. मोरीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्यातलं पाणी गटाराची हवा अडवून धरतं. इथला हिवाळा कोरडा, त्यात हीटर. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते पाणी उडून जातं आणि वास सरळ वर येतो. उपाय साधा आहे: जाळीत अर्धा लिटर पाणी ओतायचं, वर चमचाभर गोडंतेल टाकायचं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. खोली देण्याआधी आम्हीच हे करायला हवं होतं. आता साफसफाईच्या यादीत ते पहिलं काम आहे. टॉयलेट पेपर मात्र अजूनही टोपलीतच टाकावा लागेल, कारण गल्लीतले जुने पाइप अरुंद आहेत.

गल्लीत टॅक्सी शिरत नाही, हे आम्ही बदलू शकत नाही. गूगलचा नकाशा इथे जागा सरकवून दाखवतो. अमॅप हे चिनी नकाशाचं अ‍ॅप वापरा आणि चिनी अक्षरांतला पत्ता चालकाला दाखवा. कॅपिटल विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेसने २५ युआनमध्ये बेइशिनछ्याओ स्टेशनला उतरता येतं. तिथे किंवा गल्लीच्या तोंडाशी आमचा माणूस हातगाडी घेऊन येईल, फक्त आधी कळवा.

पासपोर्टची नोंद पोलिसांकडे करणं कायद्याने बंधनकारक आहे, लहान मुलांचीसुद्धा. फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का, प्रत्येकाचं स्कॅन करावं लागतं. फोटोचं पान आणि व्हिसा यांचे फोटो आधी पाठवलेत तर पोहोचल्यावर शिक्क्याचंच काम उरतं.

नाश्त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ती बाओत्स (सारण भरलेला वाफवलेला पाव) गल्लीतल्या दुकानातून आणलेली, अंडं आणि पातीच्या सारणाची होती. त्या सारणात चवीला जवळा घालतात आणि इथे त्याला कुणी मांसाहार समजत नाही. आईंच्या ताटात ती जायलाच नको होती. आता शाकाहारी नाश्ता आमच्याच स्वयंपाकघरात होतो: राळ्याची पेज, मानथोऊ म्हणजे बिनसारणाचा वाफवलेला पाव, सोयाबीनचं दूध. योऊथ्याओ, म्हणजे पिठाच्या लांब तळलेल्या काड्या, त्यांचं तेल कशाकशाला वापरलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून त्या देत नाही. बाहेर जेवताना ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, एवढ्यावर थांबू नका. जवळा आणि डुकराची चरबी घातली आहे का, ते वेगळं विचारा.

आणि सकाळी छपरावरून येणारा घुमणारा आवाज तुम्हाला ड्रोनचा वाटला, पण तो ड्रोनचा नव्हता. इथले कबुतरवाले कबुतरांच्या शेपटीच्या पिसांना भोपळ्याची आणि बांबूची हलकी शिट्टी बांधतात. थवा वळला की सूरही बदलतो.

एका रात्रीचं भाडं तुमच्या कार्डावर परत पाठवलं आहे.