‘ग्रुपवर टाकलं की सगळे येतात’ हे खरं नाही

वणव्याचे दिवस आले की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत एक मेसेज फिरू लागतो: ‘वाड्यावाड्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असला की आग विझवायला माणसं पाच मिनिटांत जमतात. भोंगा, वॉकीटॉकी हा फुकटचा खर्च. हवाच तर लांब पल्ल्याचा सेट ऑनलाइन मागवा, परवाना लागत नाही.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि पहिली सर्वांत घातक.

ग्रुपमधल्या मेसेजला दुसरी टिक लागते ती प्रत्येक सदस्याच्या फोनवर तो उतरल्यावरच. चाळिसांत एकाचाही फोन बंद असला तर एकच टिक दिसत राहते. मग कोणाला मिळाला, हे एकेक नाव वाचून शोधायचं. बरं, टिक लागली तरी फोनला मेसेज मिळाला एवढंच. माणूस उठला का? रात्री ग्रुप म्यूट असतो, बॅटरी वाचवणारी सेटिंग नोटिफिकेशन उशिरा देते.

माणूस उठतो रिंगने. आधी १०१ किंवा ११२ ला कळवा. मग म्होरक्याने तिघांना फोन करायचा, त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना, त्या नऊ जणांनी पुन्हा प्रत्येकी तिघांना. तीन फेऱ्यांत म्होरक्यासह ४० जण होतात. अर्ध्या मिनिटात कोणी उचलला नाही, तर त्याच्या वाट्याचे तिघे फोन करणाऱ्यानेच घ्यायचे. ज्याचा फोन येणार, त्याचा नंबर ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून आधीच वगळून ठेवा. सोबत भोंगा हवाच, तोही बॅटरीवरचा. वीज गेली की विजेवरचा भोंगा मुका.

‘डोंगरावर मोबाइल आहे की!’ चोर्ला घाटाच्या दऱ्यांत रेंज कुठे असते, कुठे नसते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातल्या वणव्यावर हेलिकॉप्टरने पाणी ओतलं, तरी खाली झाडपाला कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढायला माणसंच लागतात. वारा फिरला हे सगळ्यांना एकाच क्षणी कळायला हवं. फोन एकेकाला लावावा लागतो. सेटचं बटण दाबलं की सगळे ऐकतात.

पण सेट कुठला? परवान्याविना मोकळीक आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी ताकदीच्या सेटना. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा पाच वॉटचा स्वस्त सेट त्यात बसत नाही. तो अग्निशमन दलाच्या चॅनलवर लावणं तर गुन्हाच: खिशात बटण दाबलेलं राहिलं तर दलाचं बोलणंच बंद पडतं. जाहिरातीतले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. मधे डोंगराची सोंड आली की आवाज तुटतो, म्हणून निरोप पुढे द्यायला सोंडेवर जळीतापासून लांब एकजण उभा करा.

बोलताना सेट पट्ट्यावरून काढून तोंडासमोर उभा धरा. बटण दाबा, एक आकडा मोजा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘वर येऊ नका’चं ‘येऊ नका’ होतं. अँटेना काढून बटण दाबलं तर सेट जळू शकतो. परतल्यावर बॅटरीच्या पितळी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. आपल्या दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते.