"नको, याला थेंब नाहीत"

आज दुपारी तीन हात नाक्याच्या बसस्टॉपवर एक आजी आणि त्यांचा पाच-सहा वर्षांचा नातू उभे होते. उन्हाने पोरगं लालबुंद झालेलं. आजींनी पिशवीतून घरच्या पन्ह्याची बाटली काढली. पोराने ती पाहिली, समोरच्या होर्डिंगवरचा कोला पाहिला आणि म्हणाला, "नको, याला थेंब नाहीत."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाळा, त्या होर्डिंगवरचे थेंब नुसत्या पाण्याचे नसतातच. ग्लिसरीन असतं त्यात! शूटला शंभर बाटल्यांतून एक बिनओरखड्याची निवडतात, तिला म्हणतात 'हीरो'. ती पुसून तिच्यावर पारदर्शक स्प्रेचा पातळ थर देतात, म्हणजे थेंब काचेवर पसरत नाहीत, उभे राहतात. पेय जिथवर भरलंय त्याच्या वरचा भाग टेपने झाकतात, कारण खरी थंड बाटलीही पेय असतं तिथवरच घामेजते. मग ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून बारीक फवारा मारायचा, मोठे थेंब सिरिंजने एकेक ठेवायचे. पाणी जास्त झालं की ओघळ येतात, ग्लिसरीन जास्त झालं की थेंब डिंकासारखे दिसतात. एक बोट लागलं की पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. बरं, खरी बाटली फ्रिजमधून काढून ठेवली तर? आपल्या ठाण्याच्या दमट हवेत आधी ती धुरकट होते, मग पाणी गळतं, लेबल भिजून सुरकुततं.

बर्फही ॲक्रिलिकचा. दिव्यांखाली खरा टिकत नाही. ओळखायचं असेल तर सोपं आहे: खरा बर्फ तरंगतो, ॲक्रिलिक बुडतं, म्हणून जाहिरातीतला ग्लास तळापासून खचाखच भरलेला असतो. कोला कॅमेऱ्यात डांबरासारखा काळा दिसतो, म्हणून त्यात पाणी घालून पातळ करतात आणि बाटलीमागे तिच्याच आकाराचा, जरा लहान कापलेला चंदेरी पुठ्ठा तिरका लावतात. त्यावरून परतलेला प्रकाश पेयातून आला की ती तांबूस झळाळी येते. फेस बसला की चिमूटभर मीठ टाकायचं. उसळी सेकंदाला १००० फ्रेमने टिपायची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने दाखवताना एक सेकंद ४० सेकंद चालतो. आणि ते 'फस्स' आणि 'गटक गटक'? ते नंतर, वेगळं रेकॉर्ड केलेलं.

हे कसब आहे, नाकारत नाही. यावर कितीतरी घरं चालतात. ठीक.

पण याला थेंब नाहीत, असं ते पोर म्हणालं ना, ते नुसत्या थेंबांमुळे नाही. ३० सेकंदांच्या जाहिरातीचा साचा आठवा. सुरुवातीला सगळं पिवळट, धुळकट, ओठ सुकलेले. बाटली हातात आली की रंग निळसर गार होतो आणि चेहऱ्याला कॅमेरा चिकटतो: डोळे मिटलेले, घशाची घाटी वरखाली, मग 'आऽऽह'. ढेकर कधीच नाही! एकटा माणूसही क्वचितच, कायम मित्र, गच्ची, मॅच, नाहीतर जेवणाच्या टेबलावर आई बाटली घेऊन येते. आई! म्हणजे तहान आपली, माया आपली, फक्त मधली वस्तू त्यांची. चव कशी आहे हे कुणी सांगतं का? सांगण्यासारखं काय आहे, १०० मिलिलिटरला साधारण १०-११ ग्रॅम साखर. ३०० च्या बाटलीत आठेक चमचे.

भाषाही सोडली नाही. 'ठंडा मतलब कोका-कोला' आठवतंय? पाहुण्याला 'थंड काय घेणार?' विचारलं की सरबत, पन्हं, ताक सगळं त्यात यायचं. आमिर खानच्या तोंडी तीन शब्द घातले आणि अख्ख्या शब्दावर मालकी सांगितली. २००३ च्या सुमारास २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आणली, म्हणजे गल्लीतल्या लिंबूपाण्याशी थेट भाव भिडला. हुशार माणसं. चीड येते ती त्या हुशारीचीच.

हो, पन्ह्यातही साखर असते. माहितेय. कमेंटमध्ये लिहू नका.

पण कैरी उकडून, गर काढून, गूळ आणि वेलची घालून, गाळून, पिशवीत सांडू नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून आणलेली ती बाटली. तिला कोण पुठ्ठा लावणार मागून?

आजी मात्र माझ्यासारख्या चिडल्या नाहीत. त्यांनी पाण्याच्या बाटलीतून हातावर पाणी घेऊन पन्ह्याच्या बाटलीवर शिंपडलं. "घे, आले थेंब." पोराने नीट तपासलं. झाकण उघडलं, कान लावला. "पण फस्स नाही झालं."

आजींनी तोंडाने "फस्सऽऽ" केलं. मग तो प्यायला.