झिरो मशीन हा केसगळतीवरचा उपाय का नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

केस गळणाऱ्या कुत्र्यासोबत राहण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले: मी केसगळती थांबवण्याचा उपाय न सांगता तिच्याशी जुळवून घ्यायला सांगते, रोज ब्रश करणे नोकरी करणाऱ्या माणसाला जमण्यासारखे नाही, घरात लहान मूल असताना केस चालवून घेणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि जर्मन शेफर्डला उन्हाळ्याच्या तोंडावर झिरो मशीन मारली की घरही स्वच्छ राहते व कुत्र्यालाही गार वाटते, हा सरळ मार्ग मी लेखातून वगळला. मशीनचा मुद्दा आधी घेते. बाकीच्या मुद्द्यांवर आपले दोघांचे मत वेगळे राहिले तरी कुणाचे काही बिघडणार नाही. इथे मात्र प्रश्न कुत्र्याच्या त्वचेचा आहे.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे केस लांब, सरळ आणि जरा राठ असतात. पाणी, धूळ आणि ऊन ते त्वचेपर्यंत सहसा पोहोचू देत नाहीत. त्यांच्या बुडाशी आखूड, मऊ, दाट लव असते आणि घरभर उडणारे पुंजके बहुतांशी या लवेचेच असतात. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबून नुसता मुळात टिकून राहतो आणि शेवटी सुटतो. तो कधी सुटणार हे त्वचेच्या आत ठरते; मशीन कापते ते त्वचेच्या वर. त्यामुळे जितके केस गळायचे तितके गळतातच, फक्त आखूड तुकड्यांच्या रूपात गळतात आणि म्हणून काही आठवडे नजरेत भरत नाहीत. घर स्वच्छ झाल्यासारखे वाटते ते एवढ्यामुळेच. आखूड केस काढायला किती चिवट असतात, हे लॅब्राडोर पाळणाऱ्यांना विचारावे. आमच्या कुत्रीचे केस जात्याच आखूड आणि ताठ आहेत. सोफ्याच्या कापडात ते टोकाकडून असे रुततात की लिंट रोलर (केस टिपणारा चिकट रूळ) पुन्हा पुन्हा फिरवूनही तिथेच राहतात आणि शेवटी चिमटीत धरून एकेक उपटावा लागतो. लांब केस निदान गोळा तरी होतात.

गार वाटण्याविषयी. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीरातली उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून, जिभेवरच्या व श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून बाहेर टाकतो. त्यामुळे केस काढल्याने आपल्याला जसा गारवा वाटेल, तसा त्याला वाटेलच असे नाही. उलट पाठीवरचे राठ केस गेले की ऊन थेट त्वचेवर पडते आणि ती भाजू शकते. उकाड्यात त्याला खरा त्रास होतो तो सुटूनही अंगातच अडकून बसलेल्या मेलेल्या लवेचा, कारण तिच्यामुळे त्वचेपर्यंत वारा पोहोचत नाही. ती लव विंचरून काढली आणि वरचे केस ठेवले, तर सावलीही राहते आणि वाराही लागतो. पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या केसांच्या जातींना नियमित कातरणी लागतेच. केसांच्या घट्ट जटा झाल्या असतील, शस्त्रक्रिया करायची असेल किंवा त्वचेवर औषध लावायचे असेल, तर मशीन लावण्याला माझा काडीचाही विरोध नाही. विरोध आहे तो दोन थरांच्या अंगावर केवळ घराच्या स्वच्छतेसाठी मशीन फिरवण्याला.

गळती कायमची थांबवण्याचा उपाय मी सांगितला नाही, हे खरे आहे, कारण निरोगी कुत्र्याच्या बाबतीत तसा उपाय नाही आणि असू नये. या जाती मुळात ऋतू बदलताना, दिवसाची लांबी कमी-जास्त होईल तशी लव टाकतात. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे आणि वर्षभर बेताचे तापमान असले, की शरीराला मिळणारी ऋतूची खूण पुसट होते आणि थोडी थोडी गळती बारा महिने चालू राहते. आपल्या हातात इतकेच असते की केस जमिनीवर, अंथरुणावर आणि ताटात पोहोचण्याआधी ते कुत्र्याच्या अंगावरच गाठायचे. माझ्या लेखाचा सगळा भर यावर होता आणि तो आजही तसाच आहे.

वेळेचा आपला मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. वर्षभर रोज ब्रश करण्याची गरज नाही. लव झडण्याचे जे काही आठवडे असतात, त्यांत रोज थोडा वेळ द्यावा. एरवी आठवड्यातून एक-दोनदा नीट केलेले विंचरणे पुरते. ‘नीट’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. बरेच जण पाठीवरून वरवर ब्रश फिरवतात, राठ केस चमकू लागतात आणि काम झाले असे वाटते. आतली लव जागच्या जागी असते. मांडीच्या मागच्या बाजूचे केस एका हाताने वर उचलून धरावेत, म्हणजे खाली त्वचेची रेघ दिसते. त्या रेघेपासून थोडेच केस सोडत, खालच्या थरापासून वरपर्यंत विंचरत जावे. लांब, बोथट दातांचा अंडरकोट रेक लवेत उतरला की पहिल्या दोन-तीन फटक्यांतच फिकट रंगाचा, हाताला अगदी मऊ लागणारा पुंजका दातांवर चढतो. वरचे केस काळे-तपकिरी असले तरी लव फिकीच निघते, त्यावरून आपण योग्य थरापर्यंत पोहोचलो हे ओळखता येते. मांड्या, शेपटीचे मूळ, मान आणि कानांमागचा भाग एवढ्या जागा झाल्या तरी बरेच काम झालेले असते. लॅब्राडोर किंवा बीगलसारख्या आखूड केसांना रबरी दातांचा ब्रश जास्त चांगला. पात्याच्या डीशेडिंग ब्रशांनी (सुटलेली लव ओढून काढणाऱ्या) ढीगभर केस निघतात खरे, पण जोर लावून एकाच जागी ते फिरवत राहिले की लवेबरोबर वरचे चांगले केसही तुटतात आणि त्वचा खरचटते. कोणताही ब्रश आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. जो जोर आपल्याला टोचतो, तो कुत्र्यालाही टोचतोच.

लव झडण्याच्या दिवसांत कोमट पाण्याने घातलेली आंघोळ सुटलेली लव सैल करते. आंघोळीआधी एकदा विंचरावे, नाहीतर गुंता भिजून अधिक घट्ट होतो. नंतर अंग बुडापर्यंत कोरडे करावे. लव ओलसर राहिली तर त्वचेवर चिघळणारे चट्टे उठू शकतात. माणसांचा शॅम्पू वापरू नये. कुत्र्याच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) आपल्या त्वचेपेक्षा उदासीनतेच्या जवळ असतो, त्यामुळे आपल्याला चालणाऱ्या शॅम्पूने ती कोरडी पडू शकते आणि खाजही वाढू शकते.

आहारही दुर्लक्षिण्यासारखा नाही. केस जवळजवळ संपूर्ण प्रथिनांचेच बनलेले असतात, त्यामुळे प्रथिने कमी पडली तर त्याची खूण केसांवर उमटते. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ मेदाम्लांनी कोरड्या, खाजऱ्या त्वचेला फायदा होतो, पण तो दिसायला आठवडे लागतात आणि मात्रा पशुवैद्यांना विचारूनच ठरवावी. निरोगी लव झडणे मात्र कोणत्याही तेलाने थांबत नाही.

घराच्या सफाईबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. कोरडा झाडू केस उडवतो, म्हणून आधी व्हॅक्यूम आणि मग ओले फडके. उलट केले तर ओले केस फरशीला चिकटून बसतात. गाद्या-सोफ्यांवर किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढावा. कपडे यंत्रात टाकण्याआधी झटकावेत.

आता लहान मुलाविषयी. आपली काळजी रास्त आहे, पण तिचा रोख केसांवर आहे आणि तो तिथून हलवायला हवा. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या, त्वचेच्या कोंड्यातल्या आणि मूत्रातल्या प्रथिनांमुळे. केस ही प्रथिने वाहून नेतात, तयार करत नाहीत. मशीन मारलेल्या कुत्र्याला कोंडाही होतो आणि तो अंगही चाटतो. अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतही कुत्र्यांच्या मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाचे प्रमाण इतर घरांपेक्षा कमी आढळले नव्हते. म्हणून मुलाच्या झोपण्याच्या खोलीत कुत्र्याला न येऊ देणे, कुत्र्याचे अंथरूण वरचेवर गरम पाण्यात धुणे आणि ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर वापरणे हे कातरण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. एखादा केस पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो. मुलाला वारंवार शिंका, अंगावर गांध्या किंवा श्वासात घरघर असेल, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या प्रतिक्रियेतले एक वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. गेल्या वेळी मशीन मारल्यानंतर कुत्र्याच्या कमरेवरचे आणि मांड्यांवरचे केस अजून पूर्ण आलेच नाहीत आणि त्यामुळे गळती आपोआप कमी झाली, असे आपण समाधानाने लिहिले आहे. कृपा करून याकडे फायदा म्हणून पाहू नका. दोन थरांच्या जातींत कातरल्यानंतर केस महिनोन्‌महिने परत न येणे हे पशुवैद्यकांना माहीत असलेले लक्षण आहे. पुष्कळदा ते वेळ देऊन भरून येते, पण त्याआड काही वेळा थायरॉइड हार्मोनची कमतरता किंवा कुशिंग्ज हा हार्मोनचा आजार असतो. कुत्रा खाणे न वाढताही जाड झाला आहे का, पूर्वीपेक्षा सुस्त पडून असतो का, फार पाणी पितो आणि फार लघवी करतो का, पोट सुटले आहे का, दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले आहेत का, हे घरी पाहता येईल. खाज, खपल्या किंवा वास असेल तर पिसवा, खरजेचे किडे आणि नायटा यांचीही शक्यता धरावी लागते; नायटा कुत्र्याकडून मुलांना लागतो, म्हणून त्याची तपासणी अधिकच निकडीची.

यांपैकी काहीही दिसले नाही तरी या आठवड्यात त्याला पशुवैद्यांकडे न्यावे, मशीन कोणत्या महिन्यात लावली ते सांगावे, त्या वेळचा फोटो असेल तर दाखवावा आणि थायरॉइडच्या रक्ततपासणीची गरज आहे का ते विचारावे. निदान होईपर्यंत त्या जागेवर पुन्हा मशीन लावू नये आणि दुपारच्या उन्हात त्याला बाहेर काढू नये. तपासणीत काय निघाले ते इथेच कळवलेत, तर पुढे कोणता ब्रश आणि कसे विंचरणे त्याच्या त्वचेला सोसेल, हे मी सविस्तर लिहीन.